एवढंही जमत नसेल तर...



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक ८ ते ११. चारच श्लोक आहेत. आधी ते वाचून या, मग पुढे बोलू.

वाचलेत? देव अर्जुनाला सांगतोय, मन आणि बुद्धी माझ्या ठिकाणी ठेव. ते स्थिर राहत नसेल तर अभ्यास कर. अभ्यासही होत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर. आणि तेवढंही जमत नसेल तर जे काही करशील त्याचं फळ सोडून दे.

मी हे श्लोक कॉलेजपासून वाचतोय. पण वाचताना माझा सगळा जोर पहिल्यावर असायचा. बाकीचे तीन म्हणजे कमी पडणाऱ्यांची सोय, असं मनात कुठेतरी धरून चाललो होतो. पहाटे साडेचारला उठणं, अकरा माळा जप, ज्ञानेश्वरीचं एक पान, वर्षातून एकदा पालखीबरोबर आळंदी ते पुणे चालत. याचा थोडा गर्वच होता, आता लपवून काय करायचं.

गेल्या ऑगस्टमध्ये माझं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. वय ३४. आतड्याचा उजवीकडचा भाग काढला आणि लहान आतड्याचं टोक उरलेल्या मोठ्या आतड्याला जोडलं. मग तीन महिने केमो. रिपोर्ट चांगले आले, आईने पेढे वाटले, सगळे म्हणाले, 'सुटलास रे बाबा!' मलाही तसंच वाटलं. फक्त शरीराला ते कुणी कळवलं नव्हतं.

सुरुवातीला आंघोळ करून बाहेर आलो की पलंगावर बसावं लागायचं, शर्टाची बटणं नंतर. फेब्रुवारीत ऑफिस सुरू झालं, पण दुपारी चारनंतर स्क्रीनवरची ओळ डोक्यात शिरेना. दिवसभराचा शीण झोपेने जातो. हा जात नाही. नऊ तास झोपून उठलो तरी न झोपल्यासारखंच. जपाचं काय सांगू, दुसऱ्या माळेला डुलकी. एकदा माळ हातातून पडली त्या आवाजाने जाग आली आणि मी चक्क रडलो.

बाहेरच्यांना हे समजावणं कठीण. केस परत आलेत, वजन भरलंय, मग आता काय झालं? गव्हांकुराचा रस सुचवणारे किमान सात जण भेटले. त्यांचं प्रेम कळतं, पण दर वेळी मान डोलवायलाही ताकद लागते हो.

पण खरी गोष्ट वेगळी आहे, आणि ती मी घरीही उशिरा बोललो. माझा आजार सापडलाच थकव्यामुळे. स्टेशनचा जिना चढताना धाप लागायची, हिमोग्लोबिन आठवर आलेलं. उजव्या बाजूची गाठ पुष्कळदा असंच करते, दिसणार नाही असं थोडं थोडं रक्त जात राहतं आणि माणूस नुसता गळत जातो. त्यामुळे आता कुठल्याही संध्याकाळी पाय जड झाले की पहिला विचार एकच येतो: परत आला का? बायको विचारते, 'दमलास का?' आणि मला वाटतं तिलाही तेच विचारायचंय.

याच दिवसांत हे चार श्लोक पुन्हा समोर आले. या वेळी पहिल्यांदा लक्षात आलं, 'जमत नसेल तर' हे देव स्वतः म्हणतोय, आणि तेही एकदा नाही, तीनदा. अर्जुनाने सवलत मागितलेलीच नाही. बरं, हे ऐकणारा कोण? पहिल्या अध्यायात ज्याचे अवयव गळाले, तोंड कोरडं पडलं, हातातून धनुष्य निसटलं आणि जो रथात खाली बसला, तोच. त्याचं कारण शोक होतं, माझं कारण वेगळं. पण 'आधी उभा राहा, मग सांगतो' अशी अट देवाने त्यालाही घातली नाही. तो बसलेला असतानाच बोलायला सुरुवात केली.

आता फळाचं. इथे मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. 'देवावर सोडलंय' म्हणत दोन महिने थकव्याबद्दल डॉक्टरांना बोललोच नाही. शेवटी बायकोने जवळजवळ ओढून नेलं. तपासण्यांत शरीरातला लोहाचा साठा कमी निघाला आणि बी-१२ सुद्धा. बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं आणि माझ्या ऑपरेशनमध्ये त्यातला तुकडा गेलाय. शिरेतून लोह दिलं, बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली, बराच फरक पडला. उरलेल्या थकव्याबद्दल डॉक्टर म्हणाले की तो बऱ्याच जणांना महिनोन् महिने राहतो, काहींना वर्षाहून जास्त. नुसतं पडून राहू नका, रोज थोडं चाला, आणि बरं वाटलं त्या दिवशी सगळी कामं उरकायला जाऊ नका. हे शेवटचं मला अजून जमत नाही. फळ सोडणं म्हणजे तपासणी सोडणं नव्हे, एवढं मात्र कळलं.

मग मी सोडायचं काय? माझ्यापुरतं उत्तर असं: दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी होते, निकाल तिथे कळेल. मधल्या प्रत्येक संध्याकाळी जड पायांकडून निकाल मागायचा नाही. सोसायटीच्या बागेत वीस मिनिटं चालतो, चालताना नाम घेतो. एक माळ होते. दुसरी झाली तर झाली. नाही झाली तर घरी येऊन आडवा होतो आणि 'हे एवढंच झालं' असं विठोबाला सांगून टाकतो. काही दिवस हे मनापासून होतं. काही दिवस रात्री अकराला मी मोबाइलवर लक्षणं शोधत असतो.

यंदा पालखी पुण्यात आली तेव्हा चाललो नाही. रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या स्टुलावर बसलो होतो, मांडीवर पाण्याच्या बाटल्यांचं खोकं, बायको बाटल्या पुढे देत होती. माझ्या नेहमीच्या दिंडीतले एक काका थांबले, बाटली घेतली आणि म्हणाले, 'माउली, यंदा बसून का?' मी म्हटलं, 'हो काका, यंदा बसून.' त्यांनी वाकून माझ्याच पायांना हात लावला आणि टाळ वाजवत पुढे निघून गेले.

उद्याचं वाचन: याच अध्यायातले श्लोक १३ आणि १४.