एकट्याने जमतं का?

धुळे

चि. सोनू,


'डायनॅमिन पटलाची मान आवळून तोडतं' हे त्या प्रथिनाबद्दलचं वाक्य तू नोट्समधून जसंच्या तसं उतरवलंयस. एम.एस्सी.च्या पेपरला चालेल. संशोधनात जायचं म्हणतेस, तर मात्र प्रत्येक प्रथिनाला दोन प्रश्न विचारत जा. हे नसलं तर काम अडतं का? आणि हे एकटंच असलं तर काम होतं का? दुसरा प्रश्न आपल्याकडे वर्गात कुणी विचारतच नाही.

पहिल्याचं उत्तर माशीने दिलं. फळमाशीचा 'शिबिरे' नावाचा वाण आहे. पारा तिशीकडे गेला की ती मिनिट-दोन मिनिटांत लुळी पडते, गारव्यात पुन्हा चालू लागते. (जळगावच्या मे महिन्यात तिचं काही खरं नाही!) लुळ्या माशीच्या चेतापेशीत पटल आत वळलेलं दिसतं, पण त्याची पुटिका, म्हणजे इवलीशी पिशवी, सुटत नाही, मानेशी अडकून राहते. बिघडलेला जनुक डायनॅमिनचा, हे १९९१ मध्ये कळलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. एस. कृष्णन यांनीही या माशीवर काम केलं. पण यातून ठरलं एवढंच, की डायनॅमिनवाचून अडतं.

दुसऱ्या प्रश्नासाठी पेशीच बाजूला ठेवावी लागते. पुण्याच्या आयसरमध्ये थॉमस पुकाडिल यांच्या गटाने काचेवर चमकणाऱ्या मेदाच्या, पटलाच्या मानेसारख्या बारीक नळ्या ओढल्या. त्यावर नुसतं डायनॅमिन सोडलं तर ते नळीभोवती वेटोळं घालून बसतं. सोबत ऊर्जा पुरवणारं जीटीपी दिलं, की मांड्यांच्या कणकेचा उंडा पिळून तोडावा तशी नळी आवळत जाते आणि काही सेकंदांत तुटते. सूक्ष्मदर्शकाखाली हे डोळ्यांदेखत घडतं.

तंतुकणिका दुभंगणाऱ्या, डायनॅमिनच्याच कुळातल्या 'डीआरपी१'बद्दल काहींचं म्हणणं होतं, की ते फक्त आवळतं, शेवटचा घाव डायनॅमिन घालतं. २०१८ मध्ये याच गटाने दाखवलं, की एकटं डीआरपी१ दोन्ही कामं करतं.

तो २०१८चा शोधनिबंध मिळव. आधी आकृत्या बघ, निष्कर्ष झाकून ठेव. नळ्या कोणत्या मेदाच्या होत्या ते शोध, आणि तंतुकणिकेच्या बाहेरच्या पटलात तो मेद तेवढा असतो का, ते मला लिहून कळव. ताईला नमस्कार.

तुझा मामा