यादीतलं पहिलं घर शून्याचं

मागच्या वर्षी काव्यवाचन स्पर्धेची प्रमाणपत्रं मी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहून छापली. यादीत नावं ४०, प्रमाणपत्रं मात्र ३९! राहून गेलं ते यादीतलं पहिलंच नाव. ती मुलगी व्यासपीठापर्यंत येऊन रिकाम्या हाताने परतली. प्रोग्रॅमने कुठेच चूक दाखवली नव्हती. चूक माझी होती, मी मोजणी १ पासून सुरू केली होती.

आपल्या मराठी महिन्यांची यादी घेऊ या:

महिने = ["चैत्र", "वैशाख", "ज्येष्ठ", … "फाल्गुन"]

इथे महिने[०] म्हणजे चैत्र आणि महिने[१] म्हणजे वैशाख. (टाइप करताना अंक इंग्रजीच टाका.) असं का? कंसातला आकडा 'कितवा' हे सांगत नाही. सुरुवातीपासून किती घरं ओलांडायची, ते सांगतो. चैत्रासाठी एकही घर ओलांडायचं नाही. तळमजल्यावर राहणाऱ्याला जिना चढावा लागत नाही, तसंच हे.

म्हणजे नियम सोपा: कितवा, त्यातून १ वजा. महिने १२, पण फाल्गुन ११ वर. महिने[१२] मागितलात तर 'इंडेक्स एरर' येते. शेवटाकडूनही मोजता येतं: महिने[-१] म्हणजे फाल्गुन. तिथे मात्र मोजणी १ पासूनच.

लक्षात ठेवा, यादीबाहेर गेलात तर पायथन ओरडतो. पहिलं घर विसरलात तर गप्प बसतो. म्हणून छापण्याआधी पहिलं आणि शेवटचं नाव स्वतः बघा.

आता सांगा बघू, श्रावण कोणत्या आकड्यावर? (उत्तर: ४)