तिथी पाहून निघ

मंडई, पुणे

चि. मनू,

येत्या मार्चात तू आणि तुझी मैत्रीण शनिवार-रविवार धरून हरिहरेश्वर आणि वेळासला जाणार, हे ताईकडून कळलं. ताई काळजीत आहे. मी तिला म्हटलं, जाऊ दे. या वयात आपल्या आपण समुद्र बघून यावा. पण जायच्या आधी दोन गोष्टी तुझ्या कानावर घालायच्या आहेत. गाळ्यावरून फोन केला की मधेच गिऱ्हाईक येतं, आणि हे तोडून तोडून सांगण्यासारखं नाही. म्हणून दुपारी मंडई थंडावल्यावर लिहायला बसलोय.

तारीख पक्की करण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय काढ आणि तिथी बघ. किनाऱ्यावरची माणसं भरतीची वेळ अशी काढतात: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती पूर्ण, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. भरती दिवसातून दोनदा, आणि तिच्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पुनव-अवसेला उधाण असतं, तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि तेवढंच लांब मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. पाणी चढतंही कमी आणि ओसरतंही कमी. हा सगळा अंदाज आहे, थोडा इकडेतिकडे होतो. तेव्हा तिथे पोचल्यावर देवळाजवळच्या दुकानदाराला नाहीतर होडीवाल्याला विचारायचंच. पण घरून हिशेब करून गेलीस तर त्यांचं उत्तर तुला नीट समजेल.

हे एवढं लांबवतोय ते हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेसाठी. देवळामागून वाट डोंगरावर चढते आणि मग खडकांमधल्या अरुंद घळीतून, पायऱ्यांनी, थेट समुद्रापाशी उतरते. तिथून पुढे लाटांनी कापून काढलेला काळ्या खडकाचा ओटा आहे. खडकाच्या भिंतीला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडली आहेत. वारा, खारं पाणी आणि काळ यांचं हे काम. थांबून बघ, हात लावून बघ. पण ही वाट फक्त ओहोटीची. भरतीत तोच ओटा पाण्याखाली जातो आणि एका बाजूला उभा कडा असतो. षष्ठी असली तर पहाटे साडेचारला भरती, म्हणजे सकाळी साडेदहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. साडेनऊला खाली उतरा आणि अकराच्या आत देवळात परत या. शेवाळलेल्या दगडावर पाय देऊ नका, आणि लाटेकडे पाठ करून फोटो काढू नका.

पोहण्याचं म्हणशील तर गुडघ्यापर्यंतच, आणि ओहोटी लागली असेल तर तेवढंही नको, कारण तेव्हा पाणी आत ओढतं. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून गेलेल्या महाविद्यालयाच्या सहलीतली १४ मुलं बुडाली. पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं. किनारा शांत दिसतो म्हणून पाणी शांत असतं असं समजू नकोस.

प्रवासाचं फार सांगत नाही. मंडईतून मेट्रोने स्वारगेट, तिथून श्रीवर्धनकडची एसटी ताम्हिणीतून कोकणात उतरते. रात्री घाट नको, पहाटेची गाडी धरा. हरिहरेश्वरहून बागमांडल्याला यायचं आणि जंगलजेटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरायचं. तिकडे रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. बाणकोटचा किल्ला वाटेतच आहे. तिथून खाडीचं मुख पाहिलंस की इंग्रजांना १७५६ च्या सुमाराला हा किल्ला का हवा होता ते पुस्तकाविना कळेल. पुढे वेळास, नाना फडणवीसांचं मूळ गाव. आपल्या घरापासून दोन मिनिटांवर त्यांनी बांधलेली बेलबाग आहे, तिथून तू रोज जातेस. आता त्यांचं गावही बघून घे.

वेळासला कासवांसाठी जाताय, तर त्यांच्याविषयी थोडं. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. पूर्वी ती अंडी उकरून नेली जात. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं समुद्रगरुडांची पाहणी करत फिरत होती. त्यांना इथल्या वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली आणि तिथून हे काम सुरू झालं. आता गावकरी अंडी कुंपणातल्या सुरक्षित जागेत पुरून ठेवतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात आणि सकाळ-संध्याकाळ त्यांना पाण्याच्या दिशेने सोडतात. जानेवारी २०२२ मध्ये याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं. तिचं नाव प्रथमा.

पिल्लू उजेडाच्या रोखाने चालतं. म्हणून किनाऱ्यावर टॉर्च नको, मोबाइलचा फ्लॅश नको. गावकऱ्यांनी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभ्या राहा आणि पिल्लाला उचलून पाण्यात सोडायचा मोह आवरा. वाळू त्याची त्यानेच चालायची असते. एखाद्या दिवशी एकही पिल्लू वर येत नाही. तसं झालं तर गावकऱ्यांपाशी कुरकुर करू नका. राहायचं गावातल्याच घरी, जे ताटात येईल ते जेवायचं, आणि पैशांत घासाघीस करायची नाही. मी मंडईत उभा जन्म घासाघीस ऐकलेला माणूस आहे, तरी सांगतो. त्या पैशावर ती अंडी राखली जातात.

आता मैत्रिणीचं. तुमच्यात धीट तू आहेस, हे मला ठाऊक आहे. ती भिते, आणि तू हसून तिला ओढून नेतेस. घरी ते चालतं, खडकावर चालत नाही. निघण्याआधी दोघींनी एक करार करा: दोघींपैकी कुणीही ‘मागे फिरू’ म्हटलं की दोघी फिरतील. कारण विचारायचं नाही, चिडवायचं नाही, परत आल्यावर चारचौघांत सांगायचंही नाही. भित्र्या माणसाला पाण्याचा बदल पुष्कळदा आधी जाणवतो, पण चिडवण्याच्या धाकाने तो बोलत नाही. तिला बोलता आलं पाहिजे, ही जबाबदारी तुझी. आदल्या रात्री पिशव्या भरताना हे हसण्यावारी जाईल. तेव्हा पत्र वाचून झालं की आजच तिच्या घरी जा आणि समोर बसून बोल.

तुझा,
मामा