व्यायामाला वेळ कुठे आहे?

'व्यायामाला वेळ कुठे आहे?' हे वाक्य आपल्या होस्टेलमध्ये 'आज पण बटाट्याचीच भाजी?' या वाक्याइतकंच ऐकू येतं. मीही तेच म्हणायचो. पण दिवाळीच्या सुट्टीत मानवतला घरी गेलो आणि कळलं, अण्णांना शुगर निघाली. वय फक्त सत्तेचाळीस.

आमचे आजोबा सत्तरीपर्यंत रोज पायी शेतात जायचे. अण्णांचं मोंढ्यात दुकान. घरापासून जेमतेम एक किलोमीटर, तेही गाडीवर. मग दिवसभर गादीवर बैठक. अण्णा आळशी मुळीच नाहीत, पण त्यांच्या दिवसातून चालणं कधी निघून गेलं ते कळलंच नाही. आणि मी? चौकात चहाला जायचं तरी मित्राची बाईक मागणारा!

बसून राहण्याचा परिणाम काय होतो, हे लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी शोधलं. डबलडेकर बसचा ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात कंडक्टर लोकांना हृदयविकार कमी आढळला. त्यांच्यापैकी कोणी जिमला जात होतं म्हणून नव्हे!

आता थोडं आपलं गणित. ६० किलोचा माणूस ३ मीटरचा एक मजला चढला तर कार्य होतं ६० × ९.८ × ३ = १७६४ जूल. स्नायूंची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर खर्च सुमारे ७००० जूल, म्हणजे पावणेदोन किलोकॅलरी. एका बिस्किटाचीही भरपाई नाही! मग फायदा काय? चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्यासाठी ते फक्त इन्सुलिनवर अवलंबून राहत नाहीत. पोटरीचे स्नायू पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. बसलं की हे दोन्ही मंदावतं.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम करायला सांगते. २०२० पासून दहा मिनिटं सलग चालण्याची अटही राहिलेली नाही. थेंबे थेंबे तळे साचे! मग आपण एवढं तर करू शकतो :

१) मेसमधून थेट गादीवर न पडता दहा-पंधरा मिनिटं फेरी मारा.
२) अभ्यास करताना दर तासाला उठा, पाण्याची बाटली भरून आणा.
३) फोनवर बोलायचं ते चालत बोला.
४) आपले कपडे आपण धुवा, रूम आपण झाडा.
५) मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारी चालू नका. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर चाला.
६) घरी कोणाला मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारायला सांगा.

अण्णांनी डॉक्टरांना विचारलं. गोळी चालूच आहे, पण आता ते दुकानात पायी जातात. रात्री दुकान बंद करून घराकडे निघाले की मला फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला, "बसलास का चाललास?"

मी लगेच चप्पल घालतो. ते मोंढ्यातून घराकडे, मी होस्टेलच्या गेटपर्यंत. बोलणं संपेपर्यंत दोघांचंही चालणं होतं. वेळ कुठे आहे म्हणता? घरून फोन तर तुम्हालाही येतोच ना!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी