फुकटचे जळण

बारामती, इंदापूर, कळस या बाजूला जुनी घरे पडतात, नवी उठतात. बांधकामापाशी फळ्या, मोडकी दारे, प्लायवूडचे तुकडे यांचा ढीग साचतो. आयाबाया मोळी बांधून घरी नेतात. जळण फुकट मिळाले, असे वाटते. पण बाभळीचे सरपण आणि हे लाकूड एक नव्हे.

जुन्या दारावर तैलरंग असतो. पूर्वीच्या रंगात शिसे पुष्कळ असे. सरकारने २०१६ साली नियम केला. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगाच्या दहा लाख भागांत शिसे ९० भागांपेक्षा जास्त चालत नाही. त्याआधी रंगवलेले दार असेल, तर त्यात शिसे आहे असेच समजावे. शिशामुळे लहान मुलांच्या मेंदूला इजा होते. शिकण्यात मूल मागे पडते.

प्लायवूड डिंकासारख्या रसायनाने चिकटवलेले असते. ते जळले की डोळे चुरचुरतात, घसा धरतो.

काही लाकडांना वाळवी लागू नये म्हणून औषध पाजलेले असते. १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील सोंटी कामेशन यांनी अशी एक रीत काढली. तिच्यात तांबे, क्रोमियम आणि सोमल असतो. लाकूड टिकते खरे, पण सोमल हे विष आहे.

तुम्ही म्हणाल, जाळले की विषही जळेल. तसे होत नाही. लाकूड जळते, शिसे आणि सोमल जळून नाहीसे होत नाहीत. थोडे धुरात जाते, बाकीचे राखेत उरते. त्याच राखेने आपण भांडी घासतो. तीच कडधान्याला चोळतो, वांग्या-मिरचीच्या वाफ्यात टाकतो. चुलीतले विष असे ताटात येते.

आणखी एक. फळीत खिळे असतात. खिळा पायात गेला तर धनुर्वाताची भीती. त्याचे जंतू मातीत, शेणात असतात. जखम साबण-पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात सुई घ्यावी.

मग करावे काय?

रंगाचे, प्लायवूडचे, हिरवट झाक असलेले, तेलकट लाकूड चुलीत किंवा बंबात घालू नये. दार धड असेल तर दार म्हणूनच वापरावे. जुना रंग कोरडा खरवडू नये; त्याची धूळ पोरांच्या पोटात जाते. लाकूड कोरे आहे अशी खात्री असेल तेवढेच, खिळे काढून, उघड्यावर जाळावे. शंका आली तर ठेवून द्यावे.

मोळी फुकट मिळते. दवाखाना फुकट पडत नाही. मोळी उचलण्याआधी लाकूड पारखून घ्या.