तेराव्यानंतरचं घर

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्यात मी आशांची गटप्रवर्तक आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली तेव्हा दारोदार फिरून आम्ही ताप, ऑक्सिजन, शुगर, बीपी लिहून घेत होतो. झोप लागते का, जेवण जातं का, हे वहीत नव्हतं. साथ माणूस घेऊन जाते, आणि मागे राहिलेल्यांचं दुखणं त्यानंतर सुरू होतं, हे कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर घराघरांत दिसलं. पुन्हा अशी साथ आलीच, तर या गोष्टी हाताशी असाव्यात म्हणून लिहिते.

एका घरचा कर्ता माणूस एप्रिल २०२१ मध्ये गेला. मयत घरी आलंच नाही, दहावा दोघातिघांनी उरकला, भावकी फोनवरच भेटली. मागे पस्तिशीतली बायको आणि दोन पोरं. दिवाळी आली तरी ही बाई रोज रात्री झोपलेल्या पोरांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बघायची. ९८ दिसले तरी तासाभराने पुन्हा. आमच्या आशाताईकडे तिची तक्रार मात्र वेगळीच: छातीत धडधडतं, हातपाय गळतात, डोकं जड होतं. ईसीजी चांगला निघाला. कुणीतरी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि जुन्याच चिठ्ठीवर त्या महिनोन्महिने मिळत राहिल्या. घरचे म्हणत, “पोरांकडं बघ, आता रडायचं नाही.” हे वाक्य मला आताशा ऐकवत नाही. रडायला जागा न मिळालेल्या माणसाला आणखी गप्प करण्यात कसला आलाय धीर!

तिचं निम्मं दुखणं कागदांचं होतं. दवाखान्याच्या कागदावर कारण न्यूमोनिया, त्यामुळे कोविडने गेलेल्यांच्या घरच्यांसाठीच्या ५०,००० रुपयांच्या सरकारी मदतीचा अर्ज कुणी घेईना. आधार आणि रिपोर्ट दिराच्या कपाटात. मागायला गेलं की “घाई कसली?” खरं तर पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू कोविडचाच धरायचा, अशा सूचना होत्या; दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही एवढ्यावरून मदत नाकारता येणार नाही, असंही सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये बजावलं होतं. विधवांपर्यंत योजना पोचाव्यात म्हणून राज्यात ‘मिशन वात्सल्य’ही होतं. पण टेबलावर बसलेल्याला हे माहीत नसलं तर फेऱ्या बाईलाच. आशाताई आणि शेजारची एक शिक्षिका तिच्याबरोबर तहसीलला गेल्या, तेव्हा अर्ज पुढे सरकला. त्याच सुमाराला जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात तिला नेलं. पैसे खात्यावर जमा झाले त्या आठवड्यात ती पहिल्यांदा सलग झोपली. औषध आधी लागू पडलं की पासबुक, हे मी सांगू शकत नाही. दोन्ही लागतं, एवढं नक्की.

म्हणून माझं सांगणं असं. तेराव्यानंतर जाणं थांबवू नका; खरी गरज महिन्या-दोन महिन्यांनी असते. गेल्यावर उपदेश नको, झोप आणि जेवण विचारा. बायको गेलेल्या पुरुषाला तर कुणीच काही विचारत नाही. तो प्यायला लागला की मगच गावाला कळतं. जीव नकोसा झालाय का, हे सरळ विचारा. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका, आणि फवारणीची औषधं आधी कुलपात टाका. झोपेच्या गोळ्या जुन्या चिठ्ठीवर आणू नका, चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंदही करू नका.

कागद बाईच्याच हातात राहू द्या: मृत्यूचा दाखला, रिपोर्ट, डिस्चार्जचे कागद, आधार, तिच्या एकटीच्या नावाचं पासबुक. भावंडांची ताटातूट करून एकेक नातेवाइकांकडे पाठवण्याआधी महिला व बालविकास कार्यालयात बालसंगोपन योजनेची चौकशी करा. मुलांचे हाल होत असतील तर १०९८ लावा.

मनाच्या त्रासासाठी ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस आहे: १४४१६. फोन फुकट, दिवसरात्र लागतो, मराठीतून बोलता येतं. आपल्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाणीपट्टीच्या थकबाकीदारांची यादी लागते, तिच्या शेजारी हा नंबर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या. पुढच्या ग्रामसभेत हा विषय कुणीतरी काढाच.