बोली बोलण्यापूर्वी



लिलाव आपल्याला नवा नाही. जाधववाडीच्या बाजार समितीत भाजीचा लिलाव होतो. कर्ज थकले की गाडीचा होतो, घराचाही होतो. लिलावात वस्तू स्वस्त मिळते, असे आपण ऐकतो. कधी मिळतेही. पण घेणाऱ्याने स्वतः काय पाहावे आणि कायदा त्याला कोठे सांभाळतो, हे आज आपण पाहू.

आमच्या पुंडलिकनगरात भाजी विकणारे एक जोडपे राहते. भिशीचे 60,000 रुपये हाती आले, तेव्हा त्यांनी जुनी मालवाहू रिक्षा लिलावात घ्यायचे ठरवले. थकलेल्या कर्जापायी ओढून आणलेल्या गाड्या एका आवारात उभ्या होत्या. नवऱ्याला एका रिक्षेचा रंग फार आवडला. बाई अलीकडेच वाचायला शिकल्या आहेत. त्यांनी अटींचा कागद हातात घेतला आणि अक्षर लावून वाचले, “जसे आहे तसे, जेथे आहे तेथे.”

म्हणजे काय? वस्तू आहे त्या स्थितीत घ्यायची आणि आहे तेथून उचलायची. नंतर इंजिन बिघडले तर सहसा विकणारा जबाबदार नाही.

बाई म्हणाल्या, “अहो, टोमॅटोचे क्रेट घेताना आपण वरचा थर सारून खाली हात घालतो. मग रिक्षा नुसता रंग बघून घ्यायची का?”

बोलणे खरे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्री नेला. इंजिनाचा आणि चासीचा नंबर आर. सी. बुकाशी ताडून पाहिला. विमा, थकलेला कर, दंड आणि कर्जाचा बोजा यांची विचारपूस केली. मिस्त्रीने दुरुस्तीचे 8,000 सांगितले. कागदपत्रांना 4,000 लागणार होते. साठातून बारा गेले. बाईंनी चिठ्ठीवर आकडा लिहिला : 48,000.

लिलाव सुरू झाला. बोली 47,000 वर गेली. नवऱ्याला चेव आला. कोणी तरी 48,500 पुकारले, तसा त्याने हात वर करायला घेतला. बाईंनी तो हात धरला. “चिठ्ठी बघा,” एवढेच त्या म्हणाल्या. रिक्षा 55,000 ला गेली. वर बारा हजार धरले तर ती 67,000 ला पडली असती. म्हणजे 7,000 चे कर्ज! नवरा दिवसभर फुगून बसला, पण पैसे घरात शाबूत राहिले.

आता कायदा पाहू. मालविक्रीचा कायदा 1930 सालचा आहे. त्याच्या 64 व्या कलमात लिलावाचे नियम आहेत.

1. हातोडा पडला, किंवा ‘एक, दोन, तीन’ पुकारून झाले, की विक्री पुरी होते. त्याआधी बोली मागे घेता येते, नंतर नाही.

2. मालकाला स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी बोली लावायची असेल, तर तसे आधी जाहीर केले पाहिजे. गुपचूप लावली तर ती लबाडी ठरते.

3. खोट्या बोल्या लावून भाव चढवला असेल, तर घेणारा ती विक्री नाकारू शकतो. मात्र पुरावा हवा. म्हणून कोण किती बोलले, ते जागेवरच लिहून ठेवावे.

बँकेने घर लिलावात काढले तर जास्त जपावे. 2002 च्या नियमांप्रमाणे बोली मिळाली की चौथा हिस्सा, म्हणजे शेकडा 25, त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरावा लागतो. विक्री कायम झाल्यावर बाकीचे पैसे पंधरा दिवसांत भरायचे. लेखी मुदतवाढ मिळाली तरी ती तीन महिन्यांपुढे नाही. पैसे न भरले तर आधीचे जप्त होतात. कर्ज मिळेल अशा भरवशावर बोली लावणारे येथेच बुडतात.

“ग्राहक न्यायालयात जाऊ,” असे कोणी म्हणेल. चंदीगडला जाहीर लिलावात भूखंड घेणारे तसे गेले होते. तेथे सोयी नाहीत, ही त्यांची तक्रार. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जागा आहे तशी पाहून ज्याने बोली लावली, त्याला ग्राहक म्हणून ही तक्रार करता येत नाही.

तात्पर्य, कायदा फसवणुकीपासून वाचवतो. घाईपासून वाचवत नाही. ते काम आपले आपणच करायचे. बोली म्हणजे भर सभेत दिलेला शब्द. तो देण्यापूर्वी माल पाहा, कागद वाचा, आकडा लिहा.

वाचा आणि सांगा

1. ‘जसे आहे तसे’ याचा अर्थ काय?
2. बाईंनी 48,000 हाच आकडा का लिहिला?
3. बोली कधीपर्यंत मागे घेता येते?